पोट बिघडलेल्यांची बारी

सरकारच्या हिशेबी माणूस नोकरीला लागतो तो हजर झाल्याच्या दिवशी नव्हे. तीन महिने टिकला तर लागला, नाहीतर नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्या ट्रेनिंग सेंटरचा जिना चढलेच नसते. पण जाहिरातीत ‘प्लेसमेंट ऑफिसर’ असं छापलं होतं, आणि आमच्या रहाटणीच्या सोसायटीत ऑफिसर बाई एकही नव्हती. भुलले मी.

सेंटर भोसरीत, बॅटरीच्या दुकानाच्या वर. गरजू घरातल्या दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींना सरकारी खर्चाने असेंब्लीचं काम शिकवायचं आणि चाकणच्या कंपन्यांत लावून द्यायचं, अशी ती योजना. मशीनवर शिकवायला एक सर होते, बाकी सगळं माझ्या गळ्यात. पोरं गोळा करा, त्यांना मुलाखतीला नीट बसायला शिकवा, नोकरी शोधा, आणि लागली की ती सुटू देऊ नका. पोरं टिकल्याशिवाय अनुदानाचा शेवटचा हप्ता सुटत नसे, आणि हप्ता सुटल्याशिवाय आमचा पगार हलत नसे. माझे वडील पिंपरीच्या एकाच कंपनीत लागले आणि तिथूनच हार घालून घरी आले. त्यांना मी हे सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे तू नोकरी देत नाहीस, राखण करतेस.” बरोबर होतं त्यांचं.

मुलाखतीचे धडे वरून यायचे, स्लाइडसकट. स्लाइडमध्ये टाय लावलेला एक गोरापान माणूस दुसऱ्या टायवाल्याशी हात मिळवताना दाखवलेला. मी म्हटलं, हात असा घट्ट धरायचा, मिळमिळीत नको. चाकणच्या पुढच्या एका गावातला पोरगा पुढे आला आणि त्याने माझा हात असा काही धरला की दोन दिवस मला पोळ्या लाटता येईनात. “सॉरी मॅडम,” म्हणाला, “बैल धरायची सवय हाय.” आता बैल ऐकून तुम्ही म्हणाल, शेतकरी असेल. शेत कुठलं! जमीन कंपन्यांत गेली, आलेला पैसा बंगल्यात आणि गाडीत गेला, गाडी हप्त्यांपायी गेली, आणि घरात राहिले ते शर्यतीचे बैल. बैल खातात काजू-बदाम आणि पोरगा सरकारच्या योजनेत. तोच पुढे त्याच्या गावच्या चार पोरांचा म्होरक्या झाला.

या पाचांना मी चाकणला गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटवलं. तिथले एचआरचे साहेब नागपूरकडचे, हसणं त्यांच्या पगारात बसत नसावं. ते मला म्हणाले, “मॅडम, लोकल पोरं माझ्याकडे टिकत नाहीत. चैत्र लागला की जत्रेला पळतात, लाइन उभी राहते. ही पाच तीन महिने टिकवून दाखवा. टिकली तर तुमची पुढची बॅच घेतो, मुलींना हॉस्टेलही देतो. एक जरी गळला, तर पुन्हा माझ्या गेटवर येऊ नका.”

झालं. त्या दिवसापासून मी पाच दांडग्यांची आई झाले. फर्स्ट शिफ्टचा आठवडा असला की पहाटे उठून पाचही जणांना फोन. एकजण “निघालो मॅडम” म्हणायचा आणि मागून घोरण्याचा आवाज यायचा. म्हणजे बोलणारा त्याचा बाप, आणि घोरणारा आपला उमेदवार. मग त्या बापालाच दम भरायचा. एकाला डब्यात रोज बटाटा नको होता, एकाला सेफ्टी शूज चावत होते, एकाचं सुपरवायझरशी बिनसलं, कारण त्याने ह्याला “ए” म्हटलं. सगळ्यांची समजूत मी काढायची. नवरा पांघरुणातून म्हणाला, “लग्नाआधी मला एवढ्या मायेनं कधी फोन केला नाहीस.” म्हटलं, “तुझ्यावर अनुदान नव्हतं.”

पण खरं सांगते, अनुदान-बिनुदान पोटापुरतं. माझी झोप उडाली होती ती एका मुलीपायी. ती पुढच्या बॅचची, परभणीकडची. वडील गवंडी, आई विटा वाहणारी, मोशीत एका मोठ्या इमारतीच्या कामावर, तिथल्याच पत्र्याच्या खोलीत बिऱ्हाड. इमारत उठली की बिऱ्हाडही उठायचं, दुसऱ्या गावी. असं गाव बदलत, शाळा बदलत या पोरीने दहावी काढली होती, आणि आमच्याकडे तर ती सगळ्यात आधी येऊन जिन्यात बसायची. मोशीच्या इमारतीला आता रंग लागत होता. त्यानंतर मुकादम सगळ्यांना हैदराबादला नेणार होता. नोकरी आणि हॉस्टेल मिळालं तर ही चाकणला राहणार, नाहीतर आईबापांबरोबर जाणार. दुसऱ्या कंपन्या होत्या, पण राहायची सोय कुणी देत नव्हतं, आणि एकट्या पोरीला खोली कोण देतो? तेव्हा तिचं सगळं त्या पाच दांडग्यांवर अडकलेलं.

तिला हे पक्कं ठाऊक होतं. रोज संध्याकाळी तिचा फोन.

“मॅडम, ते पाचजण हाईत ना अजून?”

“आहेत गं बाई.”

“उद्याबी जातील ना?”

“तू तुझा अभ्यास कर.”

“माझा झालाय. त्यांचं बघा.”

तीन महिने भरत आले. मी मनातल्या मनात पेढे वाटायला लागले, आणि नेमका चैत्र उजाडला. एका सकाळी सेंटरवर पोचते तोच एचआर साहेबांचा फोन. “मॅडम, तुमच्या पाचही जणांचं पोट एकाच वेळी बिघडलंय. पाच मेसेज, एकाच मिनिटाला. दुपारच्या शिफ्टला साडेतीनला पाचही चेहरे गेटवर दिसले नाहीत, तर आपला विषय संपला.” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, ठेवला कसला, आदळला.

मी पाचांनाही फोन लावले. पाचही बंद. माझा पारा चढला, एकेकाच्या नावाने शंख करते आहे, तेवढ्यात ती परभणीची पोरगी तिचा मोबाइल घेऊन पुढे आली. “मॅडम, हे बघा.” मोबाइलवर बैलगाडा शर्यतीचं लाइव्ह चालू होतं. त्या पोरांच्या गावची जत्रा! घाटाच्या कडेला, म्हणजे बैल पळतात त्या चढाच्या कडेला, एक भलाथोरला फ्लेक्स लावलेला. त्यावर आमची पाच रत्नं, कंपनीच्या युनिफॉर्ममध्ये, काळे गॉगल लावून, हाताची घडी घालून. वर ठळक अक्षरांत ‘नोकरीस लागल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. आणि माइकवरचा निवेदक बेंबीच्या देठापासून ओरडत होता, “चाकणच्या कंपनीतनं खास सुट्टी काढून आलेले आपल्या गावचे सुपुत्र!” आता या गाढवांना काय म्हणायचं? साहेबापासून पोट धरून लपायचं, आणि सगळ्या तालुक्याला छाती काढून दिसायचं! आमच्याकडे माणूस एकवेळ बायको लपवील, पण फ्लेक्स नाही लपवायचा.

“मुडदे बशिवले यांचे,” मी म्हटलं, आणि स्कूटरची किल्ली उचलली. ती पोरगी न विचारता मागे येऊन बसली. नको म्हणायचं मला सुचलंच नाही.

भोसरी, मोशी, चाकण, आणि पुढे राजगुरुनगरच्या अलीकडे आत वळलं की ते गाव. घाटावर पोचलो तर नुसता पिवळा धुरळा. भंडारा उधळलेला, हलग्या वाजतायत, हजारो पुरुष, आणि बायका म्हणाल तर आम्ही दोघीच. माझ्या गळ्यात योजनेचं आय-कार्ड, त्यावर सरकारी शिक्का. गेटवरच्या माणसाने ते बघितलं आणि शेजारच्याच्या कानाला लागला, “आल्या रं, प्राण्यांवाल्या मॅडम आल्या.” बघता बघता निरोप पुढे पळाला. एकाने हातातली काठी पायजम्याच्या मागे दडवली. दुसरा कारण नसताना बैलाला पाणी पाजायला लागला आणि त्याची पाठ थोपटत माझ्याकडे बघून हसला. मी “अहो, माझी पाच पोरं” एवढं म्हणतेय तोवर यात्रा कमिटीच्या लोकांनी आम्हाला स्टेजवर नेऊन सोफ्यावर बसवलंसुद्धा.

आमच्या भागात पाहुणा कोण, कुठला, हे नंतर विचारतात. आधी सत्कार. मला शाल आली, नारळ आला, आणि एकाने माझ्या डोक्याला भराभरा फेटा बांधला. पोरगी माझी असिस्टंट असणार म्हणून तिलाही फेटा. ती फेट्याखालून माझ्याकडे टकामका बघत होती. मग निवेदक म्हणाला, “मॅडम आता दोन शब्द बोलतील,” आणि माइक माझ्या हातात दिला. द्यायला नको होता.

“दोन शब्द!” मी म्हटलं. “आज सकाळी ज्या पाच जणांची पोटं बिघडली, त्यांनी पोट धरून आत्ताच्या आत्ता स्टेजसमोर यावं. फ्लेक्सवरच्यांना म्हणतेय मी! गॉगलवाल्यांना! तिकडे साहेब साडेतीनला गेटवर उभे राहणारेत, आणि तुम्ही इथे भंडारा खेळताय? लाजा नाहीत वाटत मेल्यांनो? रोज पहाटे उठवते तुम्हाला, घरच्या पोराला नाही कधी उठवलं एवढं!” सगळा घाट फिदीफिदी हसायला लागला. कमिटीचे अध्यक्ष मात्र घाम पुसत शेजारच्याला म्हणाले, “हात्तिच्या, ह्या प्राण्यांवाल्या न्हाईत व्हय! शाल गेली की राव.”

पाचही जण समोर आले, माना खाली. आपादमस्तक पिवळे, नुसते डोळे तेवढे ओळखू येत होते. म्होरक्या म्हणाला, “मॅडम, बारी झाली की लगेच निघतो.” बारी म्हणजे आपल्या गाड्याची पळायची पाळी. “कधी आहे बारी?” “सांजच्याला.” मी कपाळावर हात मारला, तो फेट्यावर बसला. “दुसरं कुणीतरी पळवील की बैल!” त्यावर त्याचा बाप पुढे झाला. “न्हाई वो मॅडम. ह्याच्याबिगर कुनाला अंगाला हात लावू देत न्हाई त्यो बैल. मला बी न्हाई. वरीसभर ह्या एका बारीसाठी पोसलाय.” पोरगा एकदा बैलाकडे बघत होता, एकदा माझ्याकडे. रडायच्या बेतात आला होता बिचारा. माझाही राग जिरत चालला, आणि राग जिरला की मला काही सुचत नाही.

माइक माझ्या हातातून कधी गेला ते कळलं नाही. ती पोरगी बोलायला लागली होती.

“मी ह्यांच्या पाठीमागच्या बॅचची हाय. हे पाचजण तीन महिने टिकले, तर मला त्याच कंपनीत नोकरी लागती. नाही टिकले, तर आमचं बिऱ्हाड हैदराबादला चाललंय. तिथं माझ्यासाठी घमेलं ठेवलंय मुकादमानं. तुमची शर्यत बंद करा म्हनत नाही मी. ह्यांची बारी तेवढी आधी घ्या.”

एवढंच बोलली आणि माइक निवेदकाच्या हातात परत दिला. हलगी वाजत होती ती थांबली. तीन महिने मी त्या पोरांना ओरडत होते, पण तुमच्यामागे कोण उभं आहे हे काही मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. पाचही पिवळी तोंडं तिच्याकडे बघत राहिली.

निवेदकाने घसा साफ केला. “मंडळी, टोकन चिठ्ठ्या टाकून निघाल्यात, कमिटीला बदलता येत न्हाई. पर कोन गाडामालक आपली बारी बदलून देत आसंल, तर आमची ना न्हाई. हाय का कुनी दिलदार गडी? सगळा तालुका लाइव्ह बघतोय!” सगळे चपलांकडे बघायला लागले. मग गर्दीतून एक मिशाळ म्हातारा वाट काढत आला. पुढची बारी त्याची होती. त्याला बघून म्होरक्याच्या बापाने तोंड फिरवलं, कारण राहिलेल्या दोन गुंठ्यांच्या बांधावरून या दोघांचं बोलणं बंद होतं. म्हाताऱ्याने माइक घेतला. “मी देतो बारी,” म्हणाला. “पर बांध सोडनार न्हाई, ह्ये बी समद्यांनी ऐका.”

घाटावर एकच गलका उठला. पुढे बैलांना वाट दाखवणारी घोडी सुटली, मागे बैल, आणि त्यांना जुंपून सोडणारी आमची पाच पोटं बिघडलेली पोरं आरोळ्या ठोकत मागे धावली. किती सेकंदांत गाडा वर गेला ते मला विचारू नका. मी डोळे मिटून घेतले होते, आणि ती पोरगी माझा दंड धरून “पळ की रं, पळ!” करत होती. नंबर काही आला नाही. नंबर येण्याचं सोडा, निकाल ऐकायलाही मी त्यांना थांबू दिलं नाही. बैल आणलेल्या पिकअपमध्ये, बैलांच्या जागी, पाचांना उभं केलं आणि स्कूटर पुढे घातली.

चाकणच्या चौकात नेहमीचंच. कंटेनरला कंटेनर चिकटलेला, पिकअप जागची हलेना. मी मागे वळून ओरडले, “उतरा आणि पळा!” मग पाच पिवळे तरणेताठे गडी त्या गाड्यांमधून धावत सुटले, आणि त्यांच्या मागे स्कूटरवर फेटे बांधलेल्या आम्ही दोघी, हॉर्न वाजवत. ट्रकवाल्यांना वाटलं कुणाची तरी वरात आहे. दोघांनी वाट करून दिली आणि एकाने विचारलं, “नवरदेव कोणता?”

गेटवर पोचलो तेव्हा शिफ्टची शिट्टी व्हायची होती. साहेब हाताची घडी घालून उभेच. तिथे हजेरीला चेहरा ओळखणारं यंत्र आहे. पहिला पोरगा यंत्रासमोर उभा राहिला, यंत्र म्हणालं, ओळख पटत नाही. दुसरा, तेच. पटेल कशी, माझीही पटत नव्हती! वॉचमनने बाटलीतलं पाणी त्यांच्या तोंडावर ओतलं, तर भंडाऱ्याची हळद झाली आणि ते आणखीच सजले. घासून घासून चौघे कसेबसे आत गेले. राहिला म्होरक्या. त्याच्या भुवयांतसुद्धा भंडारा. तो यंत्राकडे बघतोय, यंत्र त्याच्याकडे बघतंय, आणि ती पोरगी गेटच्या जाळीला नाक लावून दोघांकडे बघतेय. साहेबांनी एकदा घड्याळ बघितलं, एकदा तिला बघितलं. मग खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला आणि त्याच्या हातात दिला.

“पोट कसं आहे?” त्यांनी विचारलं.

“बरं हाय सर,” रुमालातून आवाज आला.

यंत्राने त्याला ओळखलं. साहेब माझ्याकडे वळले. कॅन्टीनमध्ये सगळी फर्स्ट शिफ्ट, साहेबांसकट, जेवता जेवता लाइव्ह बघत होती, हे मला नंतर कळलं. ते एवढंच म्हणाले, “मॅडम, फेटा चांगला दिसतो.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाचही टिकले. तीन महिने भरले, सरकारच्या हिशेबी ती पोरं नोकरीला लागली, आणि साहेबांनी शब्द पाळून पुढची बॅच बोलावली. म्होरक्याने त्या पोरीला पहिल्या दिवशी गेटवर गाठून सांगितलं, “ताई, काय अडचण आली तर आमाला सांगायचं, घाबरायचं न्हाई.” ती म्हणाली, “तुम्ही वेळेवर येत जा, मग नाही येत अडचण.”

मोशीची इमारत झाली. तिच्या सुट्टीच्या दिवशीच तिच्या आईबापांचा टेंपो निघायचा होता, म्हणून मीही गेले. पत्रे, पातेली, एक मोडका कूलर, सगळं चढवून झालं होतं. बाप कामापुरतं बोलणारा, तो पुढे जाऊन बसला. आई मात्र लेकीच्या गळ्यातलं कंपनीचं कार्ड हातात धरून उभी. वाचता येत नव्हतं तिला, फोटोवरून नुसता अंगठा फिरवत होती. मग माझ्याकडे बघून हसली.

“लोकांच्या लेकी म्हायेराला येत्यात, मॅडम. आमचं हे असं, आज इथं, उद्या तिथं. पोरगी लगीन करून गेली असती तर म्हायेराला आली असती कुठं? माझं उलटंच झालं बघा. आता दिवाळीला मीच म्हायेराला येनार, हिच्याकडं.”

मी रडले, खोटं कशाला बोलू. पदर नव्हता, ओढणीने तोंड पुसलं. ती पोरगी मात्र खडखडीत.

“ये की,” म्हणाली. “तवर मी खोली घेते. पण आधी फोन कर. माझी शिफ्ट बघून ये, न्हाईतर दाराला कुलूप असंल.”

आईने हातातलं कार्ड सोडलं. मग टेंपोत चढली आणि पुढे वाकून नवऱ्याला म्हणाली, “ऐकलं का? लेक म्हनती, शिफ्ट बघून ये!” त्याने मान हलवली, तर तिने ड्रायव्हरला सांगितलं. मग मागे राहिलेल्या बिऱ्हाडांतल्या बायकांना ओरडून सांगितलं. टेंपो हमरस्त्याला लागला तरी ती मागे उभी राहून, हात हलवत, दिसेल त्याला तेच सांगत होती.